आठवणीचं कुलूप

पेटीने पुन्हा नाही म्हटलं तेव्हा केतकीने टॅबलेट सोफ्यावर आपटला, आणि आपटल्या आपटल्या उचलून पदराने पुसलाही. पडद्यावर तांबडी अक्षरं होती: ‘लहर क्षीण. व्यक्ती जुळत नाही. एकच संधी शिल्लक. त्यानंतर पेटीतला ऐवज कायमचा नष्ट होईल.’

समोरच्या खुर्चीत तिचे वडील, नाना आवटी, कपाळावर खूणपट्टी बांधून शहाण्या मुलासारखे बसले होते.

“झालं का गं?”

“नाही झालं, नाना.”

“मग सोड की हे. खाज सुटते कपाळाला.”

सोड म्हणे! केतकीचा जीव टांगणीला लागला होता, आणि नाना पट्टीखाली बोट घालून खाजवत होते. तिने पट्टी सोडली, त्यांच्या कपाळावरचा वळ चोळला आणि चहा ठेवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन कट्ट्याला टेकून उभी राहिली. एकच संधी. ती गेली की आई गेली. दुसऱ्यांदा.

कारण पेटीत, म्हणजे टॅबलेटमधल्या कुलूपबंद कप्प्यात, आईचा आवाज होता. साथीच्या वर्षी शालन आवटी मिरजेच्या एका दवाखान्यात वरच्या मजल्यावर होत्या. रस्ते बंद, गाड्या बंद, आणि केतकी नोकरीपायी तिकडे गुवाहाटीला अडकलेली. शेवटच्या दिवशी आईने नानांना फोन केला. नानांच्या फोनमध्ये प्रत्येक बोलणं आपोआप ध्वनिमुद्रित व्हायचं. बँकेतला माणूस, तोंडी व्यवहारावर त्यांचा विश्वासच नव्हता. संध्याकाळी आई गेली. केतकीला पोहोचायला आठवडा लागला, तोवर सगळं आटोपलं होतं. पुढे कधी तिने विचारलं, “आई काय बोलली हो शेवटचं?” की नाना पेपर वर धरायचे. “तो आमचा दोघांचा विषय आहे.” विषय संपला! बापाशी यावरून तिने अबोला धरून पाहिला, रडून पाहिलं, भांडून पाहिलं. पेपर काही खाली आला नाही. आता मात्र नानांना सकाळचा नाश्ता दुपारी आठवेनासा झाला होता, आणि डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “जे काही विचारायचं असेल ते या उन्हाळ्यात विचारून घ्या.”

खूणपट्टीची गोष्ट आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगायला हवी. ओळखीची वस्तू डोळ्यांसमोर आली की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात मेंदूत एक बारीकशी लहर उठते. अनोळखी वस्तूला ती उठत नाही. आणि गंमत अशी, की ती दाबून ठेवता येत नाही आणि खोटी आणताही येत नाही. चेहरा दगडासारखा ठेवला तरी मेंदू आतून म्हणतोच, हे मी पाहिलंय! कपाळावरच्या पट्टीला ती लहर कळते. मग शास्त्रज्ञांनी विचार केला की पासवर्ड चोरता येतो, बोटाचा ठसा उचलता येतो, आवाजाची तर हुबेहूब नक्कल करतात; माणसाची ओळख कशी चोरणार? म्हणून आठवणीचं कुलूप आलं. तुम्ही आयुष्यातला एखादा प्रसंग निवडायचा, फक्त तुमचा. त्यातल्या वस्तूंची चित्रं यंत्राकडून काढून घ्यायची. यंत्र ती शेकडो परक्या चित्रांत मिसळतं आणि उघडायच्या वेळी सगळी भराभर डोळ्यांपुढून नेतं. योग्य चित्रांना लहरी उठल्या, की कुलूप उघडलं. बँक, दवाखान्याचे कागद, घराचं दार, सगळं त्यावर.

अट एकच. तो प्रसंग कुणाला सांगायचा नाही. नीट रंगवून सांगितला तर ऐकणाऱ्याच्या डोक्यातही थोडी लहर उठायला लागते, आणि थोडीही पुरते.

केतकी हेच तर शिकवायची. ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये दर गुरुवारी तिचा ‘सुरक्षित संगणक’ वर्ग असे. तिथे तिचा आवाज खणखणीत लागे. “पट्टी कपाळावर असताना खेळ खेळायचे नाहीत, जाहिराती बघायच्या नाहीत! कुणी डोळ्यांचा व्यायाम म्हणून चित्रं दाखवेल, कुणी बक्षीस म्हणून दाखवेल. तुम्ही चित्रं बघता, तो तुमच्या लहरी मोजतो. आणि आठवण नवऱ्याला सांगायची नाही, मुलांना तर मुळीच नाही.”

“अगं पण माझी एकुलती एक बरी गोष्ट तीच होती,” घोरपडेमावशी एकदा कळवळून म्हणाल्या होत्या. “ती दिली कुलपाला. आता नातवंडांना काय सांगू, गुडघ्याचं दुखणं?”

सगळे हसले होते. केतकीही हसली होती. पहिल्या रांगेत बसलेले नाना मात्र हसले नव्हते. ते मान डोलावत ऐकत होते, लेक शिकवते म्हणून अभिमानाने. आणि काय वाटेल ते विसरले तरी तेवढा एक धडा त्यांच्या डोक्यात घट्ट बसला. आता केतकीने नुसतं विचारलं, “नाना, पेटीला कुठली आठवण लावलीय?” की त्यांचे डोळे बारीक होत. “कोण विचारतंय?” ते म्हणत. स्वतःच्या हाताने पाजलेलं औषध, आता बोलणार कुणाला!

चहा उतू गेला. तिने गॅस बंद केला आणि तिथेच ठरवलं. मनाला विचारलं नाही, कारण मन काय म्हणेल ते तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नानांचं डोकं जरा ताजं असतं त्या वेळी, तिने पट्टी त्यांच्या कपाळाला बांधली.

“आज काय?”

“डोळ्यांचा व्यायाम आहे, नाना. डॉक्टरांनी सांगितलाय.”

हेच वाक्य. अगदी हेच वाक्य ती फळ्यावर लिहून त्यावर तांबडी फुली मारायची.

कुलूप उघडायच्या मागच्या खेपेला पडद्यावरून गेलेली सगळी चित्रं तिने फोनवर टिपून ठेवली होती. तीच आता ती नानांना दाखवत होती, पेटीच्या बाहेर, संधी न घालवता. एकदा पाहून काही कळत नव्हतं. नानांची लहर इतकी दमली होती की नुसत्या खरखरीत बुडून जायची. पण तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवलं आणि सगळ्या नोंदी एकावर एक रचल्या, की खरखर आपसात कटते आणि लहर तेवढी वर येते. चोर हेच करतात. केतकीला ते करता येत होतं, कारण ते कसं थांबवायचं हे तिला शिकवावं लागे. आठवडाभर रोज सकाळी ती आलेखाची रेघ बघत बसली आणि नाना चित्रं बघत बसले. मधेच ते म्हणत, “अगं, किती छान व्यायाम आहे गं हा,” आणि ती पुढचं चित्र लावी. एकदा तर ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडून रडली. पण परत येऊन बसली.

आठवड्याअखेर चार चित्रांवर रेघ उठली. लाल-पिवळा तंबू. हिरवी काचेची बांगडी, फुटकी. उसाच्या रसाच्या गाड्यावरचं घुंगरू. आणि जाळीचा मोठा गोल, ज्यात मोटारसायकल फिरवतात तसला.

सर्कस? नाना आणि सर्कस! जो माणूस सिनेमाला निघायचं तरी आधी गॅसची नळी तीनदा तपासे, तो माणूस आईला घेऊन सर्कशीला गेला होता आणि त्याने ते आयुष्यभर कुणाला सांगितलं नव्हतं. तिला हसू आलं, आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे तिला दिलेलं नव्हतं. हे तिने उचललं होतं.

पण कुलूप आठ चित्रांचं असतं, एवढं तिला पक्कं माहीत होतं. उरलेली चार? तिने पुन्हा नोंदी रचल्या, पुन्हा सगळी चित्रं दाखवली, दुप्पट दाखवली. रेघ सपाट. नानांच्या डोक्यात त्या चित्रांचा मागमूसही नव्हता. विसरले, तिला वाटलं. अर्धी किल्ली झिजून गेली. आता पेटी उघडणं शक्य नाही. ती उठली, खिडकीशी गेली, परत आली, पंखा वाढवला, कमी केला. नाना म्हणाले, “बस की जरा एका जागी. डोळ्यांपुढे नाचतेयस नुसती.”

ती बसली, आणि काहीतरी करायचं म्हणून उरलेली चित्रं एकेक करून स्वतः बघू लागली. इतके दिवस तिची नजर आलेखावर होती. चित्रांकडे तिने धड पाहिलंच नव्हतं. कंदील, घोडा, कुणाची तरी छत्री, होडी, निळ्या मुठीची कात्री.

हात थांबला.

पुढे तगरीचं झाड. खाली उकरलेली माती. आणखी कितीतरी परकी चित्रं गेल्यावर, न्हाव्याच्या खुर्चीच्या दोन हातांवर आडवी टाकलेली लाकडी फळी. मग कागदातली लिंबाची गोळी.

केतकीच्या कपाळाला पट्टी नव्हती, तरी लहर उठलेली तिला कळली. अंगभर कळली.

तिसरी-चौथीत असताना तिने निळ्या कात्रीने स्वतःची वेणी कापली होती. कमरेपर्यंतची, आई रोज तेल लावून घालायची ती. कापली आणि घाबरून अंगणातल्या तगरीखाली पुरली. नानांनी पाहिलं. तिला सायकलच्या दांडीवर बसवून न्हाव्याकडे नेलं, फळीवर बसवून केस सारखे करून घेतले, रडू थांबावं म्हणून गोळी घेऊन दिली, आणि घरी येऊन आईला सांगितलं, “शाळेत उवांची साथ आलीय, म्हणून कापून आणले.” आई मरेपर्यंत हेच खरं समजत होती. जगात दोघांनाच ठाऊक असलेली गोष्ट.

ही आठवण नानांची नव्हती. म्हणजे होती, पण किल्ली म्हणून ती त्यांनी केतकीच्या डोक्यातली धरली होती.

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. नानांची सगळी नोकरी सहकारी बँकेच्या लॉकर खात्यात गेली. तिथे लॉकर एका किल्लीने उघडत नाही; एक किल्ली गिऱ्हाइकाची, एक बँकेची, दोन्ही लागल्याशिवाय दार हलत नाही. खूणपट्टीतही तशी सोय होती, जोडकुलूप म्हणत. भागीदारीतले व्यापारी वापरत. घरातल्या वस्तूंना ते कुणी शहाणा लावत नसे. नानांनी लावलं होतं. आणि कुलूप बाहेरच्याला काही सांगत नाही, म्हणून तेही तिला कळलं नव्हतं. याचा अर्थ, इतकी वर्षं नानांनाही तो आवाज ऐकता आला नव्हता. एकट्याला येणारच नव्हता. लेकीला शेजारी बसवून कधीतरी उघडू, असं त्यांनी ठरवलं असणार, आणि मग त्यांच्याच्याने ते बोलवलं नसणार. पुढल्या दिवाळीत बघू, पुढल्या सुट्टीत बघू, असं करत करत ठरवलेलंच विसरून गेले.

ती त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसली.

“नाना, मी तुमच्याशी खोटं बोलले. व्यायाम वगैरे काही नव्हता. मी तुमच्या डोक्यातली पेटीची आठवण चोरत होते.”

हळूहळू नानांच्या चेहऱ्यावर जुने आवटीसाहेब आले, ज्यांना शिपाईसुद्धा टरकून असत.

“कुणाला विचारून?”

“कुणाला नाही.”

“मी काय मेलोय का? घरात बसून घरच्या माणसावर दरोडा घालतेस? आणि वर लोकांना शिकवतेस!”

“चुकलं माझं.”

“चुकलं काय चुकलं! माझ्या डोक्यात आता उरलंय काय, ते तरी माझं राहू दे की गं!” त्यांनी पट्टी ओरबाडून काढली आणि कोपऱ्यात भिरकावली.

केतकी उठली नाही. तिला बोलणी खायची होती. बऱ्याच वेळाने नाना शांत झाले, आणि शांत झाले तसे थोडे हरवलेही. खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत बसले.

“काय काय चोरलंस?” त्यांनी विचारलं.

तिने तंबूचं चित्र समोर धरलं.

नानांच्या पोटातून हसू आलं, आधी नुसतं हललं, मग खदखदलं.

“अगं, ही सांगलीची सर्कस! नवीन लग्न झालेलं. मी साहेबाला सांगितलं, मामा वारले. चांगला धडधाकट मामा! आणि तुझ्या आईला घेऊन गेलो. तो मोटारसायकलवाला जाळीत फिरायला लागला, तशी हिने माझा हात असा धरला, असा धरला, की हिचीच बांगडी फुटली. मग बाहेर रस प्यायलो. वाटेत म्हणते कशी, अहो, घरी विचारलं तर काय सांगायचं? मी म्हटलं, मामा वारले.”

दोघंही हसत सुटली. केतकीने डोळे पुसले. नानांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि या खेपेला मामांना आणखी एक आजार जडला. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा आईच्या साडीचा रंगसुद्धा आठवला. सांगता सांगता त्यांचा चेहरा उजळत होता, आणि केतकीला आतून चिरत जात होतं. आठवण सांगितली की ताजी राहते, एवढं साधं शास्त्र. दर वेळी बाहेर काढली, की मेंदू ती नव्याने लिहून आत ठेवतो. नानांनी ती इतकी वर्षं एकदाही बाहेर काढली नव्हती. का, तर लेकीने वर्गात सांगितलं होतं, कुणाला सांगू नका. चोरांपासून वाचवता वाचवता तिने ती वाळवली होती.

“आता ही बघा,” तिने कात्री दाखवली.

“कुणाची?”

मग तिने सांगितलं. वेणी, तगर, सायकलची दांडी, गोळी. नाना दुसऱ्या कुणाच्या घरची भानगड ऐकावी तसे डोळे मोठे करून ऐकत होते.

“तू कापलीस? आणि मी तुझ्या आईला सांगितलं नाही?”

“नाही सांगितलंत.”

“बरं केलं,” नाना समाधानाने म्हणाले. “तिने तुला फोडून काढली असती.”

तिने कोपऱ्यातली पट्टी उचलून आणली आणि या वेळी नुसती त्यांच्या हातात दिली. “नाना, आईचा आवाज आहे पेटीत. तुमची आणि माझी, दोघांची किल्ली लागते. उघडायची का? तुम्ही नाही म्हणालात तर राहू दे.”

“शालनचा आवाज?” नानांनी पट्टी स्वतःच कपाळाला बांधली, उलटी. “मग विचारतेस काय?”

तिने ती सुलटी केली, स्वतःची बांधली आणि त्यांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसली. शेवटची संधी. चित्रं धावू लागली. तंबू गेला तसा नानांनी श्वास घेतलेला तिला ऐकू आला. कात्री गेली तेव्हा तिच्या मानेवर काटा आला. पडदा काळा झाला. नाही, बहुतेक नाही. आणि मग हिरवा झाला.

“आधी मी ऐकते, मग तुम्हाला लावते,” ती म्हणाली, आणि तिने इअरफोन कानात घातला.

“अहो,” आई म्हणाली. इतक्या वर्षांनी, अगदी कानात. “ऐकताय ना? इथं कुणी येतच नाही हो. मघापासून हाका मारतेय. मला घरी न्या. मला फार भीती वाटतेय.”

“येतो, शालन. येतो.” नानांचा तेव्हाचा आवाज, जाड, धावल्यासारखा. “मी खालीच उभाय. सोडत नाहीत गं वर.”

“खाली उभे राहून काय करताय? वर या ना! काहीही करा पण वर या. मी एकटी मरणार का इथं?” मग नुसता श्वास, ओढून घेतलेला, पुन्हा ओढून घेतलेला. “केतूला यातलं काही ऐकवू नका. ती येऊ शकली नाही म्हणून जन्मभर स्वतःला खात बसेल. अहो, या ना वर…”

“येतो. येतो गं. येतो.”

नाना वर गेले नव्हते. कुणी जाऊच दिलं नव्हतं, आणि तरी ते गेले नव्हते. पेपरच्या आड एवढी वर्षं ते हे घेऊन बसले होते. केतूला ऐकवू नका असं बायकोने बजावलेलं, आणि लेकीपासून लपवणंही जमेना, म्हणून कुलपाला दोन किल्ल्या. आणि आता त्यांच्या डोक्यातून ते सगळं पुसून गेलं होतं. तो दवाखाना, तो जिना, ते खाली उभं राहणं. उरली होती ती सर्कस.

त्यांनी तिच्या दंडाला हात लावला. चेहरा असा, की आत्ताच रस पिऊन आलेत.

“काय म्हणतेय गं ती? सांग की!”

कानात आई रडत होती. मागता येईल ते सगळं मागत होती. केतकीने इअरफोन बोटाने आणखी आत दाबला, जराही आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

“विचारतेय,” ती म्हणाली, “जेवलात का.”

नाना एकदम सैलावले. खुर्चीत मागे टेकले.

“सांग तिला, जेवलो. आमटी-भात जेवलो, वर दहीसुद्धा घेतलं. काळजी करू नको म्हणावं.” मग पुन्हा पुढे झुकले, हलक्या आवाजात. “आणि तिला विचार, तू जेवलीस का?”

केतकीने टॅबलेट उचलून तोंडाजवळ धरला.

“आई,” तिने विचारलं, “तू जेवलीस का?”